चार वाजून दहा मिनिटं

दुपारचे चार वाजले की वंदनाताई गॅस बंद करायची, पदर नसल्यामुळे हात जीन्सलाच पुसायची आणि फोनसमोर खुर्ची ओढून बसायची. चार दहाला फोन वाजला तर तो माणूस पास. चार अकराला वाजला तर ती उचलायचीच नाही.

दोन हजार चार साली मी शिकायला ह्यूस्टनला आले आणि जवळच्याच शुगर लँड उपनगरात तिच्या घरातली एक खोली घेतली. ताई मूळची नागपूरची, घटस्फोटित, पन्नाशीला टेकलेली. एका देसी डेंटिस्टकडे बारा वर्षं रिसेप्शनवर काढून तिने नुकताच राजीनामा दिला होता. नवं काम काय, ते तिने पहिल्याच दिवशी पोहे वाढता वाढता सांगितलं.

"मी डॉमिनॅट्रिक्स आहे. पुरुष अपॉइंटमेंट घेऊन येतात, तासभर माझा हुकूम पाळतात, बोलणी खातात, त्यांना हवी असेल तर छडीही खातात आणि थँक्यू म्हणून घरी जातात. याच्यापलीकडे काही नाही. चालत असेल तर राहा, नाहीतर दुसरी रूम शोधून देते."

मी चमचा खाली ठेवला. पण मी राहिले.

अडचण वेगळीच होती. माणसं येतच नव्हती. फोनवर 'येस मॅडम, येस मॅडम' करणारे ऐन वेळी गायब व्हायचे. शहरातल्या भाड्याच्या खोलीत ताई गुडघ्यापर्यंतचे बूट चढवून वाट बघायची आणि तशीच परत यायची. दवाखाना सोडताना डॉक्टर हसून म्हणाला होता, "दिवाळीपर्यंत परत येशील, वंदना." ते तिला फार लागलं होतं. "त्या डेस्कवर आता मी बसत नाही. दिवाळीच्या आत जमवूनच दाखवते," ती म्हणायची.

मग तिने दवाखान्यातलीच विद्या बाहेर काढली. "रूट कॅनालला घाबरणारा आणि मला घाबरणारा, दोघं सारखेच गं. बुक करताना सगळे शूर." नव्या माणसाने खरं नाव सांगायचं. आधी हेच काम करणाऱ्या दुसऱ्या कुणाकडे गेला असेल तर त्या बाईचं नाव द्यायचं, ताई तिला विचारून खात्री करणार. आणि शेवटी, भेटीच्या आदल्या दिवशी बरोबर चार दहाला फोन. "चारला कुणीही करतो. चार दहाला करायचा तर लक्षात ठेवावं लागतं." ही नावं मात्र तिच्या तोंडून कधीच बाहेर पडली नाहीत, माझ्यासमोरसुद्धा.

एकदा ती आंघोळीला गेली असताना साडेचारला फोन आला. आवाज वयस्कर, आपल्याकडचा, ओशाळलेला. ट्रॅफिकमध्ये अडकलो म्हणाला. मोठ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? "हरकत नाही काका, उद्या अकराला या," असं सांगून मी मोकळी झाले. काका आले नाहीत; ताई त्या भाड्याच्या खोलीत तासभर वाट बघून परत आली. ताई माझ्यावर ओरडली नाही. पुढच्या शनिवारी तिने मला त्या खोलीत नेलं, दाराकडे तोंड करून बसवलं आणि म्हणाली, "एक तास. पुस्तक नाही, फोन नाही. कुणीतरी येणार आहे असं समज." बाहेर प्रत्येक गाडी थांबली की मी सावरून बसत होते. तास संपला तेव्हा मला रडू फुटलं.

"आता कळलं ना?" तिने विचारलं. "चल, भूक लागली असेल."

त्यानंतर तिने एकही नियम सैल केला नाही. हळूहळू येणारे वेळेवर यायला लागले. दिवाळीच्या आठवड्यात तर बुक केलेला एकूण एक माणूस आला आणि ताई घरी येऊन शंकरपाळे लाटायला बसली. तेवढ्यात डॉक्टरचा फोन आला, मीच उचलला. नव्या मुलीला अपॉइंटमेंटा सांभाळता येत नव्हत्या, वंदनाने उद्यापासूनच परत यावं, असं त्याचं म्हणणं होतं. ताईने लाटण्यावरून नजर उचलली नाही.

"त्याला सांग, उद्या चार वाजून दहा मिनिटांनी फोन कर. मग बोलू."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी फोनसमोर बसलो. चार दहा झाले, चार पंधरा झाले. चार पंचविसाला फोन वाजला आणि त्यावर दवाखान्याचा नंबर आला. ताईने एक शंकरपाळा तोंडात टाकला आणि माझ्याकडे बघितलं. इतका अभिमान मला आजवर कुणाचाच वाटलेला नाही.

फोन माझ्या हाताशी होता. मी तो वाजू दिला.