कुसुम सिस्टर बसल्या तेव्हा

कुसुम सिस्टर उभ्याने जेवायच्या. आमच्या आरोग्य केंद्रात औषधांच्या खोलीला एक खिडकी होती. तिच्या कट्ट्यावर डबा उघडायचा, एक डोळा बाहेरच्या रांगेवर ठेवायचा आणि भराभर घास गिळायचे. मी तिथे औषधं द्यायला रुजू झाले. जुन्नरच्या एका बांगडीवाल्याची मुलगी, पहिलीच नोकरी. पहिल्या दिवशी मी त्यांच्यासाठी खुर्ची ओढली. त्यांनी "असू दे गं" म्हणत तिच्यावर लसीकरणाचे कागद ठेवले आणि उभ्या उभ्याच हात धुवायला गेल्या.

त्या मूळच्या बोरी बुद्रुकच्या, तिथल्या बौद्ध वस्तीतल्या. वस्तीतून शिकून नोकरीला लागलेली पहिली मुलगी. वडील दुसऱ्यांच्या रानात राबायचे. मुलीला नर्सिंगला पाठवताना एसटीपाशी ते जे बोलले, ते सिस्टरांनी मला कितीदा तरी सांगितलं असेल. "पोरी, दुसऱ्याची चूक त्याच्या एकट्याची आसती. आपली चूक समद्या वस्तीची धरत्यात." बाप प्रेमानेच बोलला होता. पण त्या वाक्याने या बाईला आयुष्यभर टेकू दिलं नाही.

महाळुंगे पडवळच्या बाजूला एका वाडीवर आम्ही बाळांची वजनं घ्यायला गेलो होतो. केंद्रावर परत आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की एका बाळाचं वजन दुसऱ्याच्याच कार्डावर लिहिलं गेलं. दोन्ही वजनांत नावालाच फरक होता. पुढच्या खेपेला दुरुस्त करता आलं असतं. पण भर उन्हात त्यांनी स्कूटी काढली. निघताना स्वतःच्या कपाळावर हात मारून घेत होत्या आणि स्वतःला अक्कलशून्य म्हणत होत्या, मी ऐकत असूनही.

त्याच आठवड्यात एक पोरसवदा आई रडत आली. लसीची तारीख तिच्या ध्यानातून गेली होती आणि त्यावरून सासू तिला बोलली होती. सिस्टरांनी तिचं बाळ स्वतःकडे घेतलं, तिला पाणी दिलं. "रडतीस काय येडे? माणूस हाय, इसरतं," म्हणाल्या. ती गेल्यावर मी विचारलं, तिला म्हणालात तसं स्वतःला का नाही म्हणत?

"ती बाई हाय, शमा," त्या म्हणाल्या. "मी सिस्टर हाय."

शेवटी शरीरच आडवं आलं. एका लसीकरणाच्या दिवशी लसीचा डबा हातात असतानाच त्या खाली बसल्या आणि तशाच कलंडल्या. मंचरला नेलं, तिथून पुण्याला. हृदयविकाराचा झटका होता, स्टेंट बसवला. डॉक्टरांनी सांगितलं, याच वेगाने धावत राहिलात तर पुढच्या वेळी इथवर पोचणार नाही.

बऱ्याच महिन्यांनी त्या कामावर आल्या आणि हळू होणं शिकू लागल्या. ते शिकणं बघवत नसे. खुर्चीवर बसून डबा खायच्या, पण पाय सारखा हलत असायचा आणि घास तेच, न चावलेले. मग स्वतःशीच पुटपुटायच्या, "सावकाश, कुसुम. कुणी मागं लागलंय का?" एकदा डोकं दुखतंय म्हणून रजा टाकली आणि दुपारी मला फोन करून विचारलं, "कुणी काय म्हणलं का गं?" काही कारण नसताना माहेरी दोन दिवस राहून आल्या, तर भावजयीने बाजूला घेऊन घरी काही झालंय का म्हणून चौकशी केली. सांगताना त्या हसल्या खऱ्या, पण नंतर म्हणाल्या, "बाई नुसती बसाया आली, हे कुणाला पटतच न्हाई."

तरी त्या शिकल्या. मुलगी प्राची भाजीत मीठ जास्त टाकते, हे त्यांना इतक्या वर्षांनी कळलं. नवरा लवकर गेलेला, घरात या दोघीच. संध्याकाळी ओट्यावर बसून त्या कॉलेजला जाणाऱ्या प्राचीच्या डोक्याला तेल लावू लागल्या. केंद्रात कुणाची तारीख चुकीची सांगितली गेली, तर फोन करायच्या, माझी चूक झाली, गुरुवारी या म्हणून सांगायच्या आणि तो विषय सोडून द्यायच्या. कपाळावर हात मारणं थांबलं होतं.

तालुक्याहून तपासणीला एक साहेब यायचे. पूर्वी सिस्टरांचं कौतुक केल्याशिवाय त्यांचं पान हलत नसे. त्या दिवशी सिस्टर आणि मी औषधांच्या खोलीत चहा घेत होतो. दार उघडंच होतं. व्हरांड्यात साहेब सिस्टरांच्या रजांवरून कुणाला तरी सांगत होते, आवाज खाली करायचीही त्यांना गरज वाटली नाही. "आल्या शेवटी मूळ वळणावर. कितीही शिकवा ह्यांना."

सिस्टरांनी कप खाली ठेवला. मला वाटलं, आता उठतील, बाहेर जातील आणि पुन्हा धावायला लागतील. त्या उठल्या नाहीत. थोड्या वेळाने कप पुन्हा उचलला आणि चहा संपवला.

"बापाला वाटायचं, आपण चुकलो न्हाई तर हे बोलायचे न्हाईत," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. "म्हणून मी जीव जाईस्तोवर पळले. आन् त्यांचं वाक्य तयारच व्हतं शमा. मी बसायची वाट बघत व्हतं."

त्यानंतर कामाच्या वाटपात त्यांना लांबच्या, चढणीच्या वाड्या मिळू लागल्या. त्यांनी दोनदा अर्ज केला, प्रकृतीचे कागद जोडले. उत्तर आलं नाही. त्या सावकाश चढायच्या, वाटेत दगडावर टेकायच्या, पोचायला उशीर झाला तर झाला म्हणायच्या. निवृत्ती जवळ आली असतानाच दुसरा झटका आला. घरीच, सकाळी.

केंद्रात शोकसभा झाली. फोटोला हार घातला. साहेब बोलायला उभे राहिले. सिस्टरांनी कधी रजा घेतली नाही, विश्रांती हा शब्द त्यांना ठाऊक नव्हता, असं समर्पण आता बघायला मिळत नाही, असं ते म्हणत होते. शेवटच्या दोन-तीन वर्षांबद्दल कुणी एक अक्षर काढलं नाही. जणू त्या वर्षांत त्या नव्हत्याच. लोक माना हलवत होते.

प्राची माझ्या शेजारी बसली होती. रडत नव्हती. साहेबांकडे बघतच ती हळू आवाजात मला म्हणाली,

"मावशी, ह्यांना आवडायची ती आई मला कधी घरी दिसलीच नाही. मला मिळाली ती ह्यांना न आवडलेली."