पिल्लाला कवटाळणारी माकडीण

त्या माकडिणीची केस आठवली की आजही मला आधी हसू येते.

कोविडचा लॉकडाऊन होता. मेलबर्नच्या उत्तरेकडील आमच्या पोलीस ठाण्यात चोऱ्या जवळजवळ थांबल्या होत्या. चोरांनाही घरीच बसावे लागत होते. अशात क्रेगीबर्न उपनगरातून एका आयटीवाल्याची तक्रार आली. कुटुंब मूळचे वसईचे आणि ठाण्यात मराठी बोलणारा मी एकटाच, म्हणून तपास माझ्याकडे. त्याच्या वृद्ध आईच्या खोलीतले सतराव्या शतकातले डच छापचित्र गायब झाले होते. दिवंगत वडिलांनी ते बोटीवर नोकरीला असताना रॉटरडॅमला घेतले होते. घरात बाहेरून येणारी व्यक्ती एकच, आईची देखभाल करणारी मराठी बाई. संशय तिच्यावर.

तिचा जबाब मी तिच्या फाटकापाशी, मास्क लावून घेतला. ती रडकुंडीला आली होती.

"सर, चोरीचं नाव लागलं तर पोलीस चेक फेल होईल, जॉब जाईल माझा. तुम्ही आजींना विचारा ना!"

चोर दुसऱ्या कुणाकडे तरी बोट दाखवतो. मालकालाच विचारा, असे सहसा म्हणत नाही. मी मुलाला व्हिडिओ कॉल लावला. त्याच्यामागे गोल्ड कोस्टचा समुद्र लाटा मारत होता.

"आईंशी बोलायचंय."

"नको सर! तिला मी काहीच सांगितलेलं नाही, बीपी वाढेल. मी तिला गेटपर्यंतसुद्धा जाऊ देत नाही."

मी चित्राचा फोटो मागवला. माकडिणीने पिल्लाला इतके घट्ट कवटाळले होते की त्याची जीभ बाहेर आली होती. खाली चार ओळी. त्या काळी हॉलंडमध्ये अशी चित्रे छापत. वर रोजचा प्रसंग, खाली त्यातला बोध. दिव्यावर झेपावणारा पतंग म्हणजे मोह, साबणाचा फुगा म्हणजे आयुष्य.

"याचा बोध काय?"

"नो आयडिया. लहानपणापासून फनी मंकी म्हणूनच बघतोय."

माझ्या डोक्यात मात्र प्रकाश पडला. आजींना हे चित्र कुणाला दाखवायचे असेल तर ते यालाच, आणि हा घरून काम करत दिवसभर बसतो एकाच खोलीत.

"तुझ्यामागचा तो खोटा समुद्र काढ."

"पण ऑफिसच्या मीटिंगला हाच–"

"काढ."

समुद्र गेला. त्याच्या डोक्यामागे, दाराशेजारच्या भिंतीवर, माकडीण होती! पठ्ठ्या आत यायचा तो थेट स्क्रीनकडे तोंड करून बसायचा आणि बाहेर पडायचा तो फोनमध्ये मान घालून.

आईला बोलावणे भागच पडले.

"मीच लावलं," त्या म्हणाल्या. "म्हटलं, मीटिंगमधलं कुणीतरी तुला सांगेल. मायेनंसुद्धा जीव गुदमरतो रे." मग तक्रारीचे कळले आणि त्यांचा आवाज चढला. "तिच्यावर आळ घेतलास? आधी मला विचारायला काय झालं होतं? लाव तिला फोन, आत्ता!" एवढी कडक उलटतपासणी मला उभ्या नोकरीत जमली नाही.

त्याने माझ्यासमोरच त्या बाईची माफी मागितली. मी तक्रार निकाली काढली. ज्याची वस्तू, त्याला आधी विचारावे, हा तपासाचा पहिला धडा. ज्याची काळजी, त्यालाही विचारावे, हे मला त्या आजींनी शिकवले.

फिरायला सरकारची परवानगी होतीच. मुलाचे नियम सरकारपेक्षा कडक होते. दुसऱ्या दिवशी ती बाई कामाला गेली तेव्हा आजी बूट घालून, मास्क लावून फाटकाबाहेर उभ्या होत्या. दारातून मुलगा ओरडला, "मम्मी, हळू!" आजींनी मागे न बघता हात हलवला आणि तिचा दंड धरून चालू लागल्या.