किशोरीच्या हसण्याची गोळी

काशीबाई तारकर्लीतली माझी शेजारीण. विकतचा नारळ तीनदा कानाशी हलवून बघते, आणि माणसांनाही तसंच.

तिची सून किशोरी हसली की पडायची. गुडघे जायचे, मान लुळी व्हायची, शुद्ध मात्र असायची. भर दुपारी मासे कापताना झोपही लागायची. काशीबाईला आधी वाटलं, कामचुकार. मग वाटलं, अंगात वारं येतं. तिने वाडीच्या राखणदार देवाला नारळ ठेवून गाऱ्हाणंही घातलं. किशोरीने हसणं सोडलं, तर गावाने तिला शिष्ट ठरवलं. छोट्या रियाला उचलायला गेली की सासू आडवी. "पाडशीत गो तिका!" आईला स्वतःची लेक घेता येईना.

शेवटी नवरा निलेश तिला कणकवलीला मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. ते म्हणाले, "हा झोपेचाच आजार आहे. हसू आलं की अंगातला जोर झोपेतल्यासारखा जातो. ही गोळी उदासीवर देतात, पण हे पडणंही थांबवते. अचानक बंद करू नका." थोड्याच दिवसांत किशोरी हसूनही उभी राहू लागली. रिया कडेवर आली.

मग नणंद संचिताने मोबाइलवर गोळीचं नाव शोधलं आणि काशीबाई पेटली.

"उदासीची गोळी? आमी तुका कसलां दुःख दिलां गो? गाव काय म्हणात?"

किशोरीने परोपरीने सांगितलं. ऐकतंय कोण! दुसऱ्या दिवशी गोळ्या गायब. निलेश म्हणाला, शनिवारी आणतो.

शनिवार यायच्या आधीच रियाने कडेवर बसून आजीचा चष्मा नाकावर चढवला. किशोरीला हसू फुटलं आणि दोघी कोसळल्या. पोरीच्या कपाळाला खोक पडली. आई डोळे उघडे ठेवून शेजारीच पडलेली, पण रडत्या लेकीकडे हात सरकेना. ओरडा ऐकून मी धावले. काशीबाई मात्र नातीकडे नाही, तांदळाच्या डब्याकडे धावली. तांदळात हात घालून तिने गोळ्या बाहेर काढल्या. मी तोंडाला येईल ते बोलले तिला. अजून राग गेलेला नाही माझा.

खोक भरली. काशीबाईचा संशय गेलेला नाही, फक्त त्याची दिशा बदललीय. रोज सकाळी सुनेपुढे उभी राहते. "गिळलंस मां? तोंड उघड बघू." मग स्वतःचा चष्मा उलटा घालून म्हणते, "आता हसान दाखय."

किशोरी हसते. काशीबाई तिच्या गुडघ्यांकडे टक लावून बघते आणि मग रियाला तिच्या कडेवर देते.