गुलाबचं वळण

माझ्या सगळ्या मास्तरकीत एकच विद्यार्थी मनासारखा घडला. तो उंदीर होता.

साधासुधा उंदीर नव्हे. पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा, गुलाबी शेपटीचा. निजामाच्या अमलातली गोष्ट. मी अंबडच्या सरकारी शाळेत मास्तर होतो आणि लग्न नुकतंच झाल्तं. बायको गोदावरी, जालन्याची. दिवाळीला तिचा भाऊ आला तो राकेलच्या डब्याला जाळी ठोकून केलेला पिंजरा घेऊन, आणि आत हे ध्यान. जालन्याच्या बाजारात एका खेळवाल्याकडं चाकात पळणारे पांढरे उंदीर होते, त्यातला हा एक. बहीण सासरी एकटी पडली, तिला करमावं म्हणून त्यानं आणला. (मी घरातच असतो हे मेहुण्याच्या लक्षात आलं नसावं.)

पण खोटं कशाला बोलू, गोदाला खरंच करमत नव्हतं. घरात बोलणारी माणसं दोन, माझी माय आणि मी. माय सूचना बोलायची आणि मी पाढे. गोदा चुलीपुढं बसून डोळे पुसायची, विचारलं तर म्हणायची, "धूर लई झालाय." चूल विझलेली असली तरी धूर! तो उंदीर पिंजऱ्यातून निघून तिच्या खांद्यावर चढला, कानात मिशा घातल्या, आणि ती आमच्या घरात पहिल्यांदा खळखळून हसली. ते हसू मला इतकं आवडलं की मी तिथंच ठरवलं, काय वाटेल ते होवो, हा उंदीर राहिला पाहिजे.

मायचा विचार निराळा होता.

"घरातले काळे कमी पडले म्हणून पांढरा आणला का?" ती म्हणाली.

"माय, तो माणसाळलेला हाय."

"माणसाळलेला असू दे, न्हाई तर शिकलेला. घरात कुठंबी लेंडी दिसली का त्याला खालाबीच्या बोक्यापुढं सोडते. बोल्ले म्हणजे बोल्ले."

खालाबी आमची शेजारीण आणि तिचा बोका म्हणजे पाचसहा शेराचा ऐवज. तो रोज भिंतीवर बसून आमच्या पिंजऱ्याकडं असा बघायचा, जसे पाव्हणे पंगत मांडायची वाट बघतात.

उंदराचं नाव गोदानं नवाब ठेवलं होतं. रंगानं गोरा, दिवसभर खाणं, काम काही नाही, म्हणून नवाब. पण दुसऱ्याच दिवशी माय दारात उभी राहून ओरडली, "नवाब माझ्या घोंगडीवर मुतला!" तेव्हा खालाबीचा नवरा, जो पोलिसात जमादार होता, घाईघाईनं आला आणि हळू आवाजात म्हणाला, "मास्तरसाब, नाम बदल डालो. आजच." मग आम्ही त्याचा गुलाब केला. वासाच्या बाबतीत नाव शोभत नव्हतं, पण नोकरी शाबूत राहिली.

आता त्याला वळण लावणं माझ्याकडं आलं. मी म्हणालो, चाळीस पोरांना सरळ करतो, हा एवढासा जीव तो काय. पहिल्या दिवशी शाळेची छडी घेऊन त्याच्यापुढं बसलो. त्यानं छडी हुंगली, चावून बघितली आणि तिच्यावरच उरकून घेतलं. गोदा म्हणाली, "अहो, त्याला रागावून काय उपेग? तो कुठं जातो ते बघा की आधी."

ही गोष्ट शिक्षणशास्त्रात मला कुणीच सांगितली नव्हती. मी बघायला लागलो, आणि खरं सांगतो, थक्क झालो. गुलाब वाटेल तिथं जातच नव्हता! भ्याला, दचकला तर चूक व्हायची, नाही तर आपला जात्यामागचा एक कोपरा धरून होता. खाल्लं की तिकडं, उठला की तिकडं. खातो तिथं घाण नाही, निजतो तिथं घाण नाही. वर प्रत्येक वेळी दोन्ही हातांनी तोंड धुणार, कान पुसणार. माझ्या वर्गात अशी पोरं होती की ज्यांनी दसऱ्यानंतर कानाला पाणी लावलं नव्हतं.

म्हणून मी त्या कोपऱ्यात एक फुटकं खापर ठेवलं, त्यात चुलीतली चाळलेली राख घातली. गोदानं त्याच्याच दोन लेंड्या उचलून वर ठेवल्या. "त्याला आपली जागा वाटली पाहिजे," ती म्हणाली. गुलाब आला, त्यानं राख हुंगली, एक गिरकी घेतली आणि शांतपणे बसला. आम्ही दोघं श्वास धरून बघत होतो. त्याचं झालं तशी गोदानं माझा हात इतका घट्ट दाबला, जसा लग्नातसुद्धा दाबला नव्हता.

आठवडाभरात तो इतका तयार झाला की पिंजऱ्याचं दार दुपारभर उघडं राहायला लागलं. घरभर हिंडणार, पण वेळ झाली की पळत राखेकडं. खालाबी बघायला आली.

"क्या मास्तर, चुहे कू मदरसे में डाल्या क्या?"

"बघा तर खरं."

गुलाबनं तिच्यादेखत धावत जाऊन काम केलं, तोंड पुसलं. खालाबी तोंडाला पदर लावून म्हणाली, "अल्ला, इत्ता तमीज तो हमारे घर के मर्दां में नै." मायनंसुद्धा न बोलता त्याच्यापुढं ज्वारीचे चार दाणे टाकले. मायकडून हे म्हणजे तोफांची सलामी होती.

मग मी त्याची परीक्षा घेतली. (मास्तरला परीक्षेवाचून राहवत नाही.) खापर जात्यामागून उचलून उंबऱ्याजवळ ठेवलं. गुलाब जुन्या कोपऱ्यात गेला, थबकला, नाक वर करून हुंगलं, आणि सरळ उंबऱ्याकडं पळाला. माझी छाती फुगली. मी त्याला जागा शिकवली नव्हती, राख शिकवली होती! या दोहोंत फरक काय, ते मात्र माझ्या डोक्यात शिरलं न्हाई.

आणि आमच्याकडं तर राखेशिवाय घरच चालत नसे. भांडी घासायला मोरीपाशी राख. मुगाला भुंगा लागू नये म्हणून मडक्यात मुगाला चोळलेली राख. देवापुढं भस्माची वाटी. आणि न्हाणीपाशी कोनाड्यात, नारळाच्या करवंटीत, दात घासायची राखुंडी. (त्या दिवसांत राखुंडीला चवही झकास आल्ती. मी एकदोनदा बोलूनही दाखवलं, "माय, यंदा मीठ बराबर पडलंय." माय चुलीपाशी होती, तिला ऐकू गेलं नसावं.)

असं सगळं सुखात चाललेलं असताना शिवरात्रीच्या तोंडावर आष्टीहून मामाची दमणी दारात उभी राहिली. मामा म्हणजे मायचा थोरला भाऊ. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, सोवळं कडक, आणि त्यांचा शब्द आमच्या घरात शेवटचा. दमणीचे बैल सुटायच्या आत मायनं मला आत ओढलं.

"दादाला उंदीर दिसता कामा न्हाई. पूजेला बसणारा माणूस हाय तो. ठेव त्याला कोठीच्या खोलीत."

मी पिंजरा उचलला, कोठीत ठेवला, वर पोतं टाकलं, दाराला आकडी लावली. सगळं बराबर केलं. एकच विसरलो. खापर बाहेरच राहिलं.

दुसरा कुठला उंदीर असता तर पिंजऱ्यातच उरकून मोकळा झाला असता. पण हा माझा विद्यार्थी! राखेशिवाय बसायचं नाही म्हणजे नाही. त्यानं बिचाऱ्यानं दम धरला असेल तेवढा धरला, मग पिंजऱ्याच्या दाराची सुतळी कुरतडली, कोठीच्या दाराखालच्या फटीतून निघाला आणि राख शोधत सुटला.

संध्याकाळी माय मोरीपाशी भांडी घासायला बसली आणि तिचा हात थांबला.

"गोदे, हे काय गं?"

"काळी मिरी सांडली असंल, आत्याबाई," गोदा म्हणाली. इतक्या शांतपणे की मलाही क्षणभर मिरीच वाटली.

सकाळी मायनं मामासाठी मूग सुपात घेतले. सुपात पुन्हा मिरी. या खेपेला मी पुढं झालो. "बिळातला असंल एखादा."

"बिळातला उंदीर राखेच्या मुगाला तोंड लावत न्हाई, म्हणून तर राख लावतेत. मास्तर हायेस ना तू?" मायनं सूप खाली ठेवलं. "हे तुझ्या गुलाबचं काम हाय. दादा उद्या जातेत. ते गेले का उंदीर बोक्यापुढं. आता मधी बोलू नको."

गोदा उठली. चुलीपुढं जाऊन बसली. चूल विझलेली होती आणि तिला पुन्हा धूर लागला होता. मला फार वाईट वाटलं. उंदीर चुकला असता तर गोष्ट वेगळी. तो तर माझा धडा गिरवत होता, आणि त्याच्यापायी मरणार होता! मी गुलाबला घरभर शोधलं. कोठीत बघितलं, जात्यामागं बघितलं, शाळेला उशीर झाला, पण तो काही सापडला न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा देवघरापुढं पूजेला बसले. मी त्यांच्या मागं फुलांची परडी धरून उभा. मामांनी डोळे मिटले, पुटपुटणं सुरू झालं. आणि माझ्या डोळ्यादेखत देव्हाऱ्याच्या मागून गुलाब निघाला. भस्माची वाटी हुंगली, एक गिरकी घेतली, आणि वाटीत बसला. ताठ. निश्चल. लाल डोळे अर्धवट मिटलेले.

तेवढ्यात मामांनी डोळे उघडले.

मला वाटलं, आता आरडाओरडा होणार. पण मामांचा ऊरच भरून आला. त्यांनी हात जोडले. "आहाहा," ते म्हणाले, "मास्तर, बघ. गणपतीचं वाहन बापाच्या भस्मात बसलंय. अन् ध्यान बघ कसं लागलंय त्याला!"

ते आसन मी चांगलं ओळखत होतो. ते ध्यान नव्हतं.

गुलाबचं झालं, त्यानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. मामा सद्गदित झाले. "नमस्कार केला रे त्यानं!" म्हणाले, आणि कपाळाला लावायला वाटीत बोट घालायला निघाले.

"मामा!" मी परडी टाकून वाटी उचलली. गुलाब उडी मारून बाजूला गंध उगाळणाऱ्या गोदाच्या पदरात, आणि ती आत. "मामा, हे भस्म आता त्याचं झालं. त्याचं उष्टं… म्हणजे त्याचा प्रसाद… तुमाला नवं आणतो."

मामांनी मान डोलावली. "शिकलेला असून तुझ्यात एवढी भक्ती असंल, असं वाटलं नव्हतं," ते म्हणाले. मग मायला हाक मारली. "बाये, हा जीव ह्या घरातून हलवायचा न्हाई. त्याच्या केसाला धक्का लागला तर मी तुझ्या दारात पाय ठेवणार न्हाई."

माय दाराच्या चौकटीत उभी होती. तिनं वाटीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, तिला सगळं कळलं. पण थोरल्या भावाला काय सांगणार? "हौ दादा," एवढंच म्हणाली. आत गोदा पदराचा बोळा तोंडात कोंबून हसत होती, आणि तिच्या खांद्यावर बसून गुलाब कान साफ करत होता. मला वाटलं, आपल्याएवढा सुखी माणूस उभ्या अंबड तालुक्यात नसंल.

सुख दुपारपर्यंत टिकलं. मामा दमणीत चढता चढता थांबले.

"बाये, ती कोनाड्यातली राखुंडी थोडी बांधून दे. दोन दिवस घासली, लई झ्याक. मीठ असं पडावं. आमच्या सुना एक तर टाकतच न्हाईत, न्हाई तर मूठभर टाकतेत."

"मीठ?" माय म्हणाली. "मी कुठं…" आणि तिचं तोंड तसंच उघडं राहिलं. मग ती सावरली. "ती सरली, दादा. नवी करून धाडते."

दमणी वळणावर दिसेनाशी झाली तशी माय माझ्याकडं वळली.

"मी राखुंडीत कधीच मीठ टाकत न्हाई."

मी गोदाकडं बघितलं. ती म्हणाली, "मी तर कडुलिंबाची काडी चावते." माय मिसरी लावायची, हे मला ठाऊक होतं. म्हणजे मामांचे दोन दिवस सोडले, तर दिवाळीपासून शिवरात्रीपर्यंत त्या करवंटीत रोज सकाळी बोट घालणारा घरात एकच माणूस होता, आणि चव बराबर हाय असं सांगणाराही तोच.

पोरगं पास झालं की आईबाप मास्तरच्या तोंडात पेढा घालतात, अशी आमच्याकडं रीत होती. माझ्या वर्गातल्या पोरांनी तो योग कधी फारसा येऊ दिला न्हाई. एकटा गुलाबच पहिल्या नंबरानं पास झाला, आणि त्याला अंबडात आईबाप नव्हते, म्हणून ती रीत त्यानं स्वतःच पाळली.