बाबांचे सुजलेले पाय

बुटाच्या पॉलिशचा वास आला की भुईगावातली माझ्या लग्नाची सकाळ आठवते. दारूने बाबांचं लिव्हर गेलं होतं. डोळे हळदीसारखे पिवळे, हातांच्या काटक्या, पोट पाण्याने तट्ट फुगलेलं. मला चर्चमध्ये वेदीपर्यंत न्यायचं म्हणून त्यांनी बूट चमकवले, पण सुजलेले पाय आत जाईनात. बोट दाबलं तिथे खळगा राहायचा. "चपला घालून आलो तर चालंल का गं?" त्यांनी विचारलं. मांडवात पाहुणे जमले होते. मला लाज वाटली. "नको, काका नेतील मला," मी म्हणाले. "बरं," म्हणून ते खाटेवर बसले. महिन्याभरात ते गेले. लग्नाच्या फोटोत माझा हात काकांच्या हातात आहे. तो फोटो मी आजवर भिंतीवर लावलेला नाही.