गोनूनंतरचा निकाह: सोहार ते वादी अदाई

जून २००७. गोनू वादळ आलं तेव्हा ओमानमधल्या आमच्या सोहारला नुसता वारा सुटला, पत्रे वाजले आणि मुलांची चैन झाली. मस्कतची मात्र दैना उडाली. टॉवर, मॉल, नवे कोरे हायवे यांनी नटलेलं ते शहर डोंगरातून उतरलेल्या पाण्याने धुऊन काढलं. फोन लागेना. जमीलाभाभी तिथेच, वादी अदाईला राहायची. मूळची श्रीवर्धनची, त्याआधी सोहारला पाच वर्षं आमची शेजारीण. त्यात तिच्या लेकीचा, नाझियाचा निकाह पुढच्या शुक्रवारी ठरलेला!

अखेर तिचाच फोन आला.

"आम्ही सगळी ठीक आहोत गो. हॉलमध्ये चिखल भरलाय, म्हणून निकाह गच्चीवर. तू ये. नळ बंद आहेत. अहेर नको, पाणी आण."

"अगं, मग महिनाभर पुढे ढकला की!"

"इम्रानची आई म्हसळ्याहून व्हिजिट व्हिसावर आलीय. रविवारी तिचं विमान. एकुलता एक मुलगा, तिच्याशिवाय लावायचा?"

मग काय, शुक्रवारी पहाटे मी आणि माझ्या नवऱ्याने, सतीशने, गाडीच्या डिकीत, मागच्या सीटवर, पायाशी, मिळेल तिथे पाण्याचे कॅन कोंबले आणि निघालो.

एरवी सोहार-मस्कत म्हणजे सरळ रस्ता, दोन-अडीच तासांचं काम. वाटेत खाबुऱ्याला मल्याळी टपरीवर थांबा. अंडं घातलेला पराठा आणि दुधाचा कडक चहा इतका स्वस्त आणि इतका गरम दुसरीकडे मिळत नाही. शेजारच्या बाकावरच्या ओमानी आजोबांनी आमची गाडी न्याहाळली आणि मोडक्या हिंदीत विचारलं, "मस्कत? दुकान खोलेगा?"

"नहीं बाबा, शादी है."

आजोबा मनापासून हसले. आत जाऊन केळ्यांचा अख्खा घड घेऊन आले. "दुल्हन के लिए. यल्ला, जाओ!"

मस्कतच्या वेशीवरच्या सीबपर्यंत सगळं नेहमीसारखं. पुढे शहरात, कुरुमला मात्र वादळाने काय केलं ते दिसलं. गाड्या एकीवर एक चढलेल्या, खजुराच्या झाडात गादी अडकलेली, दुकानांच्या काचांवर माणसाच्या उंचीपर्यंत चिखलाची रेघ. इथे माणसंही गेली होती. एक बाई फुटपाथवर फोटोंचे अल्बम उन्हात वाळत घालत होती. सतीशने गाडी हळू केली आणि रेडिओ बंद केला.

वादी अदाईला जमीलाभाभी रस्त्यातच उभी होती. मला मिठी मारली आणि लगेच कॅन मोजायला लागली! तळमजल्यावरचं सामान भिजलेलं, पण गच्चीवर मांडव उभा होता. बिर्याणीचं पातेलं आमच्या पाण्याची वाटच बघत होतं. काजीसाहेब आले, पाहुणे आले. नवरदेवाचाच पत्ता नव्हता.

इम्रान राहायचा पलीकडे, आमरातला. मधल्या घळीतला रस्ता पाण्याने उचलून नेला होता. त्याचा एक ओमानी शेजारी, सालिम, त्याला आणि त्याच्या आईला आपल्या लँडक्रूझरमधून वादीच्या, म्हणजे एरवी कोरड्या असणाऱ्या नदीच्या, पात्रातून आणणार होता. दुपार कलली. फोन पुन्हा मुका. काजीसाहेबांना रुवीत दुसरीकडे जायचं होतं. नाझिया मेंदीचे हात मांडीवर ठेवून म्हणाली, "आंटी, खरं सांगा. आज नाही होणार ना?"

मी तिला एक केळं सोलून दिलं.

तेवढ्यात सतीश कठड्यावरून ओरडला, "अरे, ते बघा!"

वादीच्या दगडगोट्यांतून तीन माणसं येत होती. गाडी चिखलात रुतली म्हणून पायी. पुढे सालिम, अंगातला पांढरा पायघोळ झगा, डिशडॅशा, गुडघ्यापर्यंत खोचून, डोक्यावर शेरवानीची बॅग. मागे इम्रान, चिखलाने माखलेला. आणि इम्रानच्या पाठीवर, त्याच्या गळ्याला घट्ट मिठी मारून बसलेली, त्याची आई!

आम्ही सगळे खाली धावलो. इम्रानने आईला अलगद खुर्चीवर उतरवलं. तो धापा टाकत होता. आईने बुरखा सावरला, सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, "नवरा घोड्यावर येतो म्हणतात. आमच्यात नवऱ्याची आय घोड्यावर आली!"

अख्खी गल्ली हसली. कित्येक दिवसांत त्या गल्लीत कोणी असं हसलं नसावं. नाझिया हसता हसता रडायला लागली आणि काजळ गालावर उतरलं. इम्रानचे पाय धुवायला भाभीने मोजून एक तांब्या दिला. सालिमने वराकडून साक्षीदार म्हणून सही केली. काजीसाहेब बिर्याणी खाऊनच गेले.

तुम्ही त्या बाजूला जाणार असाल तर छोटी गाडी वादीच्या पात्रात घालू नका, कोरडं दिसलं तरी. आणि पाणी जास्तीचं घ्या. कोणाला तरी लागतंच.

आम्ही दुसऱ्या दिवशी सोहारला परतलो. संध्याकाळी दापोलीहून आईचा फोन. टीव्हीवर वाहून जाणाऱ्या गाड्या पाहून ती हादरली होती. "खरं सांग, काय काय गेलं तिकडे?"

मी सांगायला लागले. रस्ता, दुकानं, भाभीचा तळमजला. सांगता सांगता कधी नाझियाच्या सासूच्या स्वारीवर आले कळलंच नाही. पलीकडून आईच्या हसण्याचा आवाज आला. हसू आवरल्यावर ती म्हणाली, "पोराची पाठ भक्कम आहे हो. पोरगी सुखात राहील."