विष्णू टेंबे एकदाच ‘चालेल’ म्हणाला

विष्णू टेंबेला जेवायला बोलावलं की तो दारातून आत आल्यावर आधी छताकडे बघतो. यजमानाला वाटतं, पाहुणा देवाचं नाव घेतोय. तो धुराचा अलार्म शोधत असतो. सापडला तर बटण दाबून वाजवून बघतो, बाळं दचकून रडतात, आणि मग हा चपला काढून "कसे आहात?" विचारतो.

जर्मनीतल्या ब्योब्लिंगेनच्या आमच्या मराठी मंडळात असा माणूस असणं ही शिक्षा होती आणि आम्ही ती हसत भोगत होतो. बारशाला लोक चांदीची वाटी देतात, विष्णू कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म देतो, वर गिफ्ट पेपर आणि सॅटिनची रिबीन. गणपतीत एकदा उकडीचे मोदक अर्धे वाफवून झाले असताना त्याने शेगडी बंद करायला लावली, कारण गॅसच्या नळीवरची तारीख उलटून गेली होती. त्या वर्षी बाप्पाने पेढ्यावर भागवलं. खिशात त्याच्या साबणाच्या पाण्याची एक छोटी फवाऱ्याची बाटली असते. गळती शोधायला. कुठल्याही सिलिंडरच्या जोडावर तो फुस्स करून फवारा मारतो आणि बुडबुड्यांची वाट बघत उभा राहतो, जसे इतर लोक बसची वाट बघतात.

नोकरी मोटारींचे सुटे भाग तपासणाऱ्या कंपनीत. त्यातही शनिवार-रविवार उरतात, म्हणून त्याने कॅम्पर व्हॅनच्या गॅसची तपासणी करण्याचं रीतसर प्रशिक्षण घेतलं, परीक्षा दिली, शिक्का मिळवला. इथे झोपायच्या-स्वयंपाकाच्या सोयीच्या गाड्या घेऊन तळ्याकाठी जायची लोकांना हौस. आपल्या लोकांनीही त्या घेतल्या, बहुतेक जुन्या. जुन्या गाडीतला फ्रिज गॅसवर चालतो. मागे एक लहानशी ज्योत सतत जळते आणि तिच्या उष्णतेने पुढे दूध थंड राहतं. मला हे अजून पटलेलं नाही, पण विष्णू म्हणतो पदार्थविज्ञान आहे. ती ज्योत निळी हवी. पिवळी झाली म्हणजे बर्नरवर गंज किंवा काजळी बसली. मग बर्नर काढा, धुराडं ब्रशने घासा, सगळं परत बसवा, पुन्हा तपासा. तोवर फ्रिज बंद.

विष्णूकडे दहा गाड्या गेल्या तर सात नापास व्हायच्या. मंडळातल्या उत्कर्षची गाडी तीनदा झाली. तेव्हापासून उत्कर्षने त्याचं नाव ठेवलं, नाहीराव. आम्ही सगळ्यांनी ते आनंदाने उचललं. विष्णूही हसायचा. कान लाल व्हायचे, पण हसायचा.

आता गुरुदत्तकाका नाबर. एक्क्याऐंशी साली इथे आलेले, आता बाहत्तरीचे. विष्णू दोन हजार एकमध्ये एक बॅग घेऊन उतरला तेव्हा सात आठवडे त्यांच्याच बैठकीच्या खोलीत झोपला होता. पत्त्याची आनमेल्डुंग, म्हणजे सरकारी नोंदणी, करायला काका त्याला हाताला धरून घेऊन गेले होते. वसुधाकाकूंनी सात आठवडे त्याला डबा दिला, आणि त्याला लाज वाटू नये म्हणून रोज सांगितलं की भाजी उरली होती. तर या काका-काकूंची अठ्ठ्याऐंशी सालची कॅम्पर व्हॅन होती, आणि गेल्या वर्षी जूनमध्ये ते तिच्यातून बोडेनझे तळ्याकाठी निघाले होते. काकूंचा हट्ट. काकूंना मधुमेह, इन्सुलिन थंड ठेवायचं, म्हणजे फ्रिज चालायलाच हवा.

निघायच्या आदल्या दिवशी विष्णू तपासायला गेला. अंगणात निरोपाला दहा-बारा जण जमलेले, भेळ चाललेली. विष्णूने गाडीच्या बाहेरची जाळी काढली, गुडघ्यावर बसला, ज्योत पेटवली. तिचा शेंडा पिवळा होता.

त्याने दिसेल तेवढा गंज ब्रशने झाडला. ज्योत थोडी निवळली. पूर्ण नाही.

"काका, हे सगळं काढून साफ करायला हवं. दोन दिवस लागतील."

"झालं," उत्कर्ष भेळेची डिश घेऊन म्हणाला. "काकू, सामान उतरवा. नाहीराव आले."

हशा पिकला. काकू गाडीच्या पायरीवर बसल्या होत्या, मांडीवर इन्सुलिनचा डबा. त्या हसल्या नाहीत. नुसत्या विष्णूकडे बघत राहिल्या.

"अरे, चाळीस वर्षांत पहिल्यांदा ही आपण होऊन म्हणाली कुठेतरी जाऊ या," काका म्हणाले. "तिथलं बुकिंग उद्यापासूनचं. आल्यावर तू महिनाभर ठेव गाडी. आत्ता चालेल ना?"

"आयुष्यात एकदा तरी हो म्हण रे," मागून कोणीतरी म्हणालं. कोणी ते आता कोणालाच आठवत नाही.

"चालेल," विष्णू म्हणाला.

टाळ्या पडल्या. काकांनी त्याला मिठी मारली. त्याने गाडीच्या पिवळ्या तपासणी-पुस्तकात शिक्का मारला आणि सही केली, आणि उत्कर्षने त्याला भेळेची दुसरी डिश आणून दिली.

चौथ्या दिवशी दुपारी काका पाव आणायला गेले होते. काकू बाहेर खुर्चीवर वाचत बसल्या होत्या. फ्रिजच्या मागून धूर आला. काकू लांब पळाल्या असत्या तर काही झालं नसतं. त्या इन्सुलिनचा डबा आणायला आत गेल्या.

त्या वाचल्या. दोन्ही हात भाजले. गाडीचा सांगाडा उरला. तज्ज्ञ आला, त्याने अहवालात लिहिलं की आग फ्रिजच्या मागे सुरू झाली, नेमकं कारण आता सांगता येत नाही.

ज्यांना कारण हवं असतं त्यांना ते सापडतं. काकांनी कुठेतरी वाचलं की असा फ्रिज सपाट जागी उभा असावा लागतो, कलला तर बिघडतो. आणि काकूंना पायरीवरून तळं दिसावं म्हणून काकांनी गाडी उतारावर लावली होती. बस. हिशेब लागला. हॉस्पिटलात त्यांनी प्रत्येकाला सांगितलं, "विष्णूने सगळं नीट तपासलं होतं हो. मीच गाडी तिरकी लावली."

विष्णू तिथेच उभा होता, हातात शहाळं. जर्मनीत शहाळं शोधायला त्याला दोन तास लागले होते. चार दिवस उतारावर उभं राहून फ्रिज फार तर थंड करायचा थांबतो, हे या देशात त्याच्याइतकं कोणाला माहीत नसेल. तो काही बोलला नाही. इतक्या लोकांसमोर कसं बोलायचं, असं त्याने सुनेत्राला, म्हणजे बायकोला, घरी येऊन सांगितलं.

नंतर तो एकटा गेला. वाक्य पाठ करून गेला. परत आला तेव्हा सुनेत्रा दारातच होती.

"सांगितलंस?"

"काकू चहा घेत होत्या."

"मग?"

"त्यांना कप धरता येत नव्हता. मी धरला."

"आणि काका?"

"काका त्यांची वेणी घालत होते."

काकूंच्या उजव्या हाताची बोटं आता मिटत नाहीत. काका त्यांचे केस विंचरतात, ब्लाउजची बटणं लावतात, भाजी चिरतात. गाडी चालवणं त्यांनी सोडलं, लायसन्स कपाटात कुलूपबंद केलं. मंडळात येत नाहीत. कोणी भेटायला गेलं तर दार उघडताना आधी म्हणतात, "माझ्यामुळे झालं." जसं आपण "या, बसा" म्हणतो.

विष्णूचे पाच महिने असे गेले. ज्या माणसाने देवाचे मोदक थांबवले त्याला एका म्हाताऱ्याला एक वाक्य सांगता येत नव्हतं. तो झोपेत दात खायला लागला. एकदा माझ्या घरी आला आणि छताकडे न बघता सरळ सोफ्यावर बसला, तेव्हा मला भीती वाटली. त्याच दिवशी त्याने मला सगळं सांगितलं. मी काय म्हणालो? मी म्हणालो, "अरे, तू फार मनाला लावून घेतोस." त्याने मान हलवली, "हो, हो" म्हणाला, आणि निघून गेला.

दिवाळीच्या आदल्या रविवारी तो शेवटी बोलला. काका समोर, काकू शेजारी. बसायच्या आधीच बोलला.

"काका, ज्योत पिवळी होती. मी बघितली होती. सही करायला नको होती. तुमचा उतार नाही, माझी सही."

काकांचे डोळे भरले. उठून त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"विष्णू, मोठ्या मनाचा आहेस. पण खोटं बोलणं तुझ्या अंगात नाही रे."

"काका, खोटं नाही."

"तू? एका तारखेसाठी गणपतीत गॅस बंद करणारा तू? पिवळ्या ज्योतीवर सही करशील?"

"केली."

"बरं. केलीस. चहा घे."

विष्णूने खिशातून आपली नोंदवही काढली. प्रत्येक तपासणीची तो स्वतःसाठी नोंद ठेवतो. त्या दिवसाच्या पानावर लिहिलं होतं, ज्योतीचा शेंडा पिवळा, पूर्ण साफसफाई आवश्यक, आणि खाली, तरी मंजूर. काकांनी चष्मा लावून वाचलं.

"हे कधी लिहिलंस? काल?"

पुढच्या वेळी तो सुनेत्राला घेऊन गेला. सुनेत्रा त्या दिवशी अंगणात होती, हे काकांनाही ठाऊक.

"काका, तो खरं सांगतोय. त्या रात्री जेवला नव्हता. मला म्हणाला होता की सही करायला नको होती."

"ठरवून आलात दोघं," काका म्हणाले, आणि काकूंकडे वळून, "बघ गं. आपल्यासाठी ही मुलं काय काय करतात."

मनगटाने काकूंनी चकलीची बशी विष्णूपुढे सरकवली. चकल्या विकतच्या होत्या.

मग ही गोष्ट मंडळात पसरली. काकांनीच पसरवली, फोन करकरून. विष्णू माझं पाप स्वतःवर घ्यायला आला होता, असा माणूस होणे नाही. मकरसंक्रांतीला विष्णूने स्टेजवर यावं असा आग्रह झाला. त्याला शाल देणार होते. तो आला नाही. उत्कर्षने आता त्याला नाहीराव म्हणणं सोडलंय, विष्णूजी म्हणतो, आणि तो ते ऐकून जिन्यातूनच परत फिरतो. आम्हाला थट्टा करता येत होती तोवर त्याचं बरं चाललं होतं. आता आम्हाला आदर करायचा आहे, आणि त्यावर त्याच्याकडे काही इलाज नाही.

तपासणीचा शिक्का त्याने परत दिला. गाड्या आता दुसरीकडे जातात, आणि लवकर पास होतात.

रविवारी मात्र तो काकांकडे जातो. भाजी आणून देतो, बाहेरची कामं करतो, आणि निघताना ते वाक्य पुन्हा सांगतो, न चुकता. काका "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे बरोबर, बरोबर, म्हणत ऐकून घेतात. मागच्या रविवारी मीही बरोबर होतो. विष्णूचं सांगून झालं, तो बुटाची नाडी बांधायला वाकला, तेव्हा काकांनी दाराशी येऊन हळूच विचारलं,

"किती कलली असेल रे गाडी? पाच अंश?"

"काका, कलण्याचा संबंध नाही."

"हो, हो. ते कळलं." काकांनी तळहात तिरका धरून बघितला. "पण तीनच असती तर?"